घरातला एचडीआर काळपट का दिसतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पालम तालुक्यात पऱ्हाटी पांढरी होऊ लागते. भरदुपारी बांधावर उभे राहून फुटलेले एखादे बोंड जवळून पाहा. उन्हाकडची बाजू लखलखत असते, आतल्या वळणात निळसर सावली असते आणि धाग्यांचा पीळ वेगळा ओळखू येतो. त्याच झाडाच्या बुडाशी, पानांच्या सावलीत, काळ्या मातीच्या भेगाही दिसतात. डोळ्याला हे दोन्ही एकाच वेळी जमते. हाच देखावा साध्या कॅमेऱ्याने टिपून घरच्या टीव्हीवर लावला, की बोंडाच्या जागी सपाट पांढरा ठिपका तरी उरतो, नाहीतर माती नुसती काळी होऊन जाते.

यामागे एक जुना आकडा आहे. पडद्याचे किंवा कुठल्याही पृष्ठभागाचे तेज ‘निट्स’मध्ये मोजतात. एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कँडेला, आणि कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीची तेजस्विता. भर उन्हातला पांढरा कागद पंचवीस-तीस हजार निट्सच्या घरात असतो. टीव्हीसाठी चित्र तयार करताना मात्र सर्वांत पांढऱ्या पांढऱ्याला १०० निट्स ही मर्यादा होती. काचेच्या नळीचे जाडजूड टीव्ही होते तेव्हा ती रास्तच होती. टीव्ही सपाट झाले, मोठे झाले, दुप्पट-तिप्पट उजेड देऊ लागले. तरी त्यांच्याकडे येणारे चित्र त्या १०० निट्सच्या मापानेच कापलेले राहिले. टीव्ही ते सरसकट उजळ करून दाखवत होता, एवढेच.

एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, या तंत्राने हे कापणे थांबवले. जुन्या चित्रपटांनाही त्याचा फायदा झाला, कारण फिल्मच्या निगेटिव्हमध्ये उजेड-सावलीचा जो पल्ला साठवलेला असतो तो टीव्हीच्या १०० निट्समध्ये कधीच मावत नव्हता. रिचर्ड ॲटनबरोंचा १९८२चा ‘गांधी’ हे याचे आपल्या जवळचे उदाहरण. सोनीने तो २०२०मध्ये एचडीआरसह ४के डिस्कवर आणला. बिली विल्यम्स आणि रॉनी टेलर यांना त्याच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळाले. वेशभूषेचे ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाले आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाले, तेव्हा सुमारे तीन लाख लोक जमले होते. उन्हात उभी असलेली पांढऱ्या कपड्यांतली अशी गर्दी म्हणजे टीव्हीची परीक्षाच. खादीचा पांढरा, मलमलचा पांढरा, धुवट पांढरा आणि मळका पांढरा हे सगळे वेगळे दिसले, तर समजावे की यंत्रणा बरोबर जुळली आहे.

पण बहुतेक घरांत अनुभव उलटा येतो. नवा ४के टीव्ही येतो, प्लेअर येतो, डिस्क लागते, कोपऱ्यात ‘एचडीआर’ अशी अक्षरे झळकतात आणि घरातले म्हणतात, “आधीचंच बरं होतं, हे काळपट दिसतंय.” त्यांचे म्हणणे खरे असते. ते का खरे असते हे कळले, की उरलेली जुळवाजुळव सोपी होते.

जुन्या पद्धतीचा सिग्नल टीव्हीला ‘याच्या निम्मे उजळ’, ‘याच्या पाव उजळ’ असे प्रमाण सांगत असे. टीव्हीची ताकद वाढली की सगळे चित्रच उजळत असे. डॉल्बीने विकसित केलेली आणि २०१४मध्ये मानक म्हणून मान्य झालेली ‘पीक्यू’ पद्धत प्रमाण सांगत नाही, थेट निट्स सांगते: हा ठिपका ५ निट्सचा, हा ८० निट्सचा, हा ९०० निट्सचा. तिचा वरचा टप्पा १०,००० निट्सचा आहे. चित्रपटाचे रंग-उजेड ठरवणारा तंत्रज्ञ अंधाऱ्या खोलीत बसून हे काम करतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे त्याच्या पडद्यामागच्या भिंतीचे तेज जेमतेम ५ निट्स असते. तिथे त्याने माणसाचा चेहरा ४० निट्सवर ठेवला, तर पालमच्या घरातही तो ४० निट्सच यावा, असा हा सिग्नल सांगतो. आपल्याकडे दुपारी दोन वाजता दार उघडे, समोर पांढरे अंगण आणि वर ट्यूबलाइट. त्या उजेडात ४० निट्सचा चेहरा काळवंडलेलाच दिसणार. जुना सिग्नल टीव्ही हवा तेवढा ताणू शकत होता. इथे ती सोय बेताचीच.

एचडीआरचे प्रकार अनेक आहेत, पण डिस्क पाहणाऱ्याला तीन पुरतात. एचडीआर१० हा २०१५चा खुला प्रकार प्रत्येक एचडीआर डिस्कवर असतोच. त्यात रंगाच्या २५६ऐवजी १०२४ पायऱ्या असतात. त्यामुळे १.६७ कोटी छटांच्या जागी १०७ कोटी छटा मिळतात आणि मावळतीच्या आकाशात पूर्वी दिसणारे पट्टे जातात. मात्र चित्रपटात कमाल उजेड किती आहे याची सूचना त्यात सबंध चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते. डॉल्बी व्हिजन आणि २०१७मध्ये सॅमसंग व ॲमेझॉनने पुढे आणलेला एचडीआर१०+ हे दोन्ही प्रकार ती सूचना दृश्यागणिक बदलतात. हे दोन्ही एचडीआर१०च्या वर जादाचे असतात. टीव्हीला ते कळत नसतील तरी डिस्क चालते. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने काढलेला एचएलजी हा चौथा प्रकार थेट प्रक्षेपणासाठी आहे.

आता कुणी विचारेल, इंटरनेटवर सगळे मिळत असताना डिस्क कशाला? माझ्या मते पालमसारख्या गावातच डिस्कला जास्त अर्थ आहे. ४के डिस्कवर ५०, ६६ किंवा १०० जीबी मावतात आणि चित्र सेकंदाला ५०-६० मेगाबिट किंवा त्याहूनही जास्त वेगाने वाहते. ऑनलाइन ४के चित्र पंधरा-वीस मेगाबिटच्या आसपास भागवले जाते. संध्याकाळी सगळ्या गल्लीने मोबाइल हातात घेतला की तेवढाही वेग टिकत नाही. मग चित्र गुपचूप खालच्या दर्जावर उतरते आणि अंधाऱ्या प्रसंगांत चौकटी दिसू लागतात. डिस्कला रेंज लागत नाही. ज्यांनी मोझर बेअरची २८ रुपयांची व्हीसीडी पाहिली आहे, त्यांना या अंतराचा अंदाज येईल. त्या व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे होते, ४के डिस्कचे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचे आहे.

खरेदीपूर्वी हे ध्यानात ठेवा, की साधा ब्लू-रे प्लेअर ४के डिस्क वाचत नाही. अल्ट्रा एचडी ब्लू-रे लिहिलेलाच प्लेअर लागतो. या डिस्कचे डबे बहुधा काळे असतात, साध्या ब्लू-रेचे निळे. ४के डिस्कला प्रदेशाचे कुलूप नाही, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली डिस्कही इथे चालते. सोबतच्या साध्या ब्लू-रेची मात्र खात्री नाही. प्लेअर करणाऱ्या कंपन्या कमी होत गेल्या. ओप्पोने २०१८मध्ये, सॅमसंगने २०१९मध्ये आणि एलजीने २०२४मध्ये हा धंदा सोडला. आता मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक उरले आहेत. घरातल्या मुलाकडे डिस्कच्या खाचेचा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स असेल तर वेगळा प्लेअर घेण्याची गरज नाही. प्लेस्टेशन ५ डिस्कवरचे डॉल्बी व्हिजन दाखवत नाही, एचडीआर१० दाखवतो. प्लेस्टेशन ४ मात्र, प्रोसुद्धा, ४के डिस्क घेत नाही.

जुळवणीत सगळ्यात जास्त घरे अडकतात ती टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टवर. केबल लावताक्षणी प्लेअर टीव्हीला विचारतो, तुला काय काय दाखवता येते? टीव्ही आपली यादी पाठवतो आणि ती वाचून प्लेअर ठरवतो काय सोडायचे. पण जुन्या सेटटॉप बॉक्सशी पटावे म्हणून बऱ्याच टीव्हींचे पोर्ट कारखान्यातून साध्या दर्जावर लावलेले येतात. त्या स्थितीत टीव्ही आपल्या यादीत एचडीआर सांगतच नाही. प्लेअरही निमूटपणे एचडीआर उतरवून साधे चित्र पाठवतो, कसली तक्रार दाखवत नाही. चांगला टीव्ही, चांगला प्लेअर, खरी डिस्क, आणि तरीही वर्ष-वर्ष साधेच चित्र पाहणारी घरे आहेत ती यामुळे. हे सेटिंग चित्राच्या मेनूत सापडत नाही. ते बाहेरच्या उपकरणांच्या किंवा इनपुटच्या मेनूत दडलेले असते आणि प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव दिले आहे. सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मध्ये ‘एन्हान्स्ड’ निवडायचे, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ चालू करायचे, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ चालू करायचे. ते ज्या पोर्टला प्लेअर लावला त्याच पोर्टसाठी करायचे. काही टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात. कुठले ते टीव्हीच्या मागे किंवा माहितीपुस्तिकेत छापलेले असते.

केबलबद्दल दुकानात बरेच काही सांगितले जाते. लागतो तो सेकंदाला १८ गिगाबिटचा वेग, आणि ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे लेबल असलेली दोन मीटरची केबल तो देते. सोन्याचा मुलामा, जाड वेणी, चौपट किंमत यांनी चित्र सुधारत नाही. डिजिटल सिग्नल पोचतो किंवा पोचत नाही. पोचत नसेल तर पडद्यावर पांढऱ्या ठिणग्या उडतात, नाहीतर चित्र मधूनच काळे होऊन परत येते. असे झाले तर आधी केबल बदलून पाहा. जुना होम थिएटर मधे असेल तर तोही संशयित आहे, कारण ४के डिस्कला एचडीसीपी २.२ हे संरक्षण लागते आणि जुनी यंत्रे ते ओळखत नाहीत. प्लेअरला दोन एचडीएमआय असतील तर चित्राची केबल थेट टीव्हीला लावावी आणि दुसरी, आवाजाची, होम थिएटरला.

प्लेअरच्या मेनूत फार हात घालू नये. रिझोल्यूशन, रंगाचा प्रकार आणि एचडीआर हे तिन्ही ‘ऑटो’वर, २४पी चालू, एवढे पुरते. अपवाद डॉल्बी व्हिजनचा. काही प्लेअरांत ते हाताने चालू-बंद करावे लागते आणि एकदा चालू ठेवले की साध्या एचडीआर१० डिस्कलाही ते डॉल्बी व्हिजनचा वेश चढवतात, रंग थोडे बिघडतात. म्हणून डब्याच्या मागे डॉल्बी व्हिजनचे चिन्ह असेल तेव्हाच चालू करावे. त्यानंतर डिस्क लावा आणि रिमोटवरचे माहितीचे बटण दाबा. प्लेअर काय पाठवतो आहे ते पडद्यावर येईल: २१६०पी, २४ हर्ट्झ, १० किंवा १२ बिट, बीटी.२०२०, एचडीआर१०. बीटी.७०९ किंवा एसडीआर, म्हणजे साधे चित्र, दिसले तर पोर्टच्या सेटिंगकडे परत जा.

यानंतर टीव्हीचा चित्राचा मेनू. इथली मेख अशी, की टीव्ही साध्या चित्रासाठी, एचडीआर१०साठी आणि डॉल्बी व्हिजनसाठी तीन वेगळ्या नोंदी ठेवतो. केबलच्या वाहिन्या पाहताना तासभर खपून केलेली जुळवणी डिस्कला लागूच होत नाही. एचडीआर डिस्क प्रत्यक्ष चालू असतानाच मेनू उघडायचा. पहिली निवड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडची. दिग्दर्शकांच्या आग्रहातून २०१९मध्ये आलेला फिल्ममेकर मोड निम्मे काम एका बटणात करतो. मग वीजबचतीचा पर्याय बंद करा, कारण बऱ्याच टीव्हींत तो आधीपासून चालू असतो आणि एचडीआरचा जीवच काढून घेतो. बॅकलाइट पूर्ण वर न्या. लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचा प्रत्येक भाग गरजेप्रमाणे वेगळा मंद-उजळ करण्याची सोय, असेल तर तेही वर. काही कंपन्या बॅकलाइटलाच ‘ब्राइटनेस’ म्हणतात आणि काळ्याच्या पातळीला ‘ब्लॅक लेव्हल’. दुसऱ्या काही कंपन्यांत ‘ब्राइटनेस’ म्हणजेच काळ्याची पातळी. ती वाढवली की काळे राखाडी होते आणि लोक त्यालाच उजळ चित्र समजतात. ती होती तिथेच राहू द्यावी.

शार्पनेस अगदी कमी ठेवा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रे स्वतःच बनवू लागला की सिनेमाची मालिका होते. रंगाचे तापमान ‘वॉर्म’. दुकानातल्या निळसर पांढऱ्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की वॉर्म पहिल्या दिवशी पिवळट वाटते. आठवडाभर तसेच राहू द्या. नंतर जुना निळा मोड लावून पाहिलात तर चेहरे आजारी वाटतील. खादीचा पांढरा आणि दुधाचा पांढरा वेगळे दिसायला हाच पर्याय लागतो.

आता टीव्हीच्या ताकदीचा प्रश्न. चित्रपट १,००० निट्सवर किंवा ४,००० निट्सवर तयार झालेला असतो आणि घरचा टीव्ही ४०० निट्सचा. वरचे जे मावत नाही त्याचे काय करायचे हे टीव्हीला ठरवावे लागते. सरळ कापले तर ढग सपाट होतात; सगळेच खाली दाबले तर चित्र मंद होते. मधला मार्ग काढण्याला टोन मॅपिंग म्हणतात आणि स्वस्त-महाग टीव्हींतला खरा फरक इथे दिसतो. पॅनासॉनिकचे काही प्लेअर हे काम स्वतः करतात. टीव्ही कुठल्या जातीचा, ओएलईडी की एलसीडी, तेज किती, हे मेनूत सांगितले की ते टीव्हीला पेलेल असे चित्र बनवून देतात. टीव्ही मध्यम ताकदीचा असेल तर अशा प्लेअरवर थोडे जास्त पैसे घालणे मी योग्य मानतो.

२०१६मध्ये यूएचडी अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने चांगल्या एचडीआर टीव्हीसाठी माप ठरवले. एलसीडी असेल तर कमाल तेज १,००० निट्सच्या वर आणि काळे ०.०५ निट्सच्या आत. ओएलईडी असेल तर तेज ५४० निट्सच्या वर आणि काळे ०.०००५च्या आत. आपल्या बाजारात ४३ इंचांचे जे स्वस्त ४के टीव्ही ‘एचडीआर’ लेबल लावून विकले जातात, त्यांतले बरेचसे २५० ते ३०० निट्सचे असतात आणि त्यांना लोकल डिमिंगही नसते. त्यांना एचडीआर सिग्नल वाचता येतो, दाखवता येत नाही. असा टीव्ही घरात असेल तर प्लेअरमधून एचडीआर बंद करून साधे चित्र पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ४केचा बारकावा तसाच राहतो, डिस्कच्या वेगाचा फायदा मिळतो आणि काळपटपणा जातो. त्यात कमीपणा काही नाही.

खोलीकडे मात्र सगळ्यांनीच लक्ष द्यायला हवे, टीव्ही कितीही महाग असो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसा खोली अंधारी करणे अवघड असते, वारा हवा म्हणून दारे-खिडक्या उघड्याच असतात. त्यामुळे एचडीआर डिस्क दिवे लागणीनंतर लावावी. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट बंद करावी, कारण तिचे प्रतिबिंब काळ्या भागांवरच पडते. पूर्ण अंधारात डोळे शिणत असतील तर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, पांढऱ्या उजेडाचा छोटा एलईडी लावावा. दिवसा पाहायचेच असेल तर खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र उचलणारे ‘डॉल्बी व्हिजन आयक्यू’ किंवा ‘एचडीआर१०+ ॲडॅप्टिव्ह’ टीव्हीत आहेत का ते पाहावे. ते नसेल तर टीव्हीचे ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ दिवसापुरते चालू करावे.

विजेचेही थोडे. एचडीआरमध्ये बॅकलाइट पूर्ण क्षमतेने चालते, टीव्ही जास्त वीज खातो आणि जास्त तापतो. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या भागात टीव्ही आणि प्लेअर दोन्ही स्टॅबिलायझरवर असावेत. प्लेअर सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नये, त्याच्या मागची हवा मोकळी राहू द्यावी. डिस्क चालू असताना लाइट गेली तर ती परत आल्यावर लगेच बटण दाबू नये, व्होल्टेज स्थिर होऊ द्यावे.

परभणीला किंवा नांदेडला टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या झगमगत्या डेमोवर जाऊ नका. कमाल तेज किती निट्स, लोकल डिमिंग आहे का आणि पूर्ण वेगाचे एचडीएमआय पोर्ट किती, हे तीन प्रश्न विचारा. शक्य असेल तर आपला प्लेअर आणि एक डिस्क सोबत न्या, टीव्ही सिनेमा मोडवर टाकायला सांगा, दुकानाच्या त्या भागातले दिवे दोन मिनिटे बंद करायला लावा आणि त्यानंतरच पैसे द्या.